सिगारेट महाग केली की तरुण मुलं ओढायची थांबतात का?

तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीपासून सिगारेट एवढी महाग झालीये, तर नाशिकला अकरावीत असलेला तुमचा भाचा ती आपोआप सोडेल का, की त्याचा पॉकेटमनी कमी करावा. शेवटी असंही लिहिलंय की तुमच्या घरातले सगळे म्हणतात, किमतीचा काही संबंध नाही, सगळा संगतीचा परिणाम आहे.

हे संगतीचं उत्तर मी माझ्या घरात गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ऐकतोय. ते चूक आहे. का ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

आमची पानटपरी होती. १९८८ ते मार्च २०२०, नाशिकलाच, गंगापूर रोडला, एका ज्युनिअर कॉलेजच्या जवळ. जवळ म्हणजे किती, तर २००३ चा तंबाखूचा कायदा आला आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकायची नाही असं ठरलं, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गेटपासून पावलं मोजली. एकशे तीस भरली. आपण बाहेर आहोत म्हणाले आणि विषय संपला. त्याच कलमात अठराच्या आतल्याला विकायची नाही असंही आहे. ते मात्र अण्णांनी कधी मनावर घेतलं नाही. ओठावर लव दिसली की त्यांच्या लेखी मुलगा मोठा.

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघं त्या टपरीवर वाढलो. मी नववीपासून गल्ल्यावर बसायचो आणि रात्रीचा हिशेब माझ्याकडे असायचा. धाकटा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याच्याकडे माल लावणं, सुपारी कातरणं, पाण्याचा माठ भरणं. १९९५ ला तो आठवीत होता तेव्हा त्यानं ओढायला सुरुवात केली. आम्हाला कळलं १९९७ च्या दिवाळीत, गच्चीवरची टाकी साफ करताना मागे थोटकांचा ढीग सापडला तेव्हा. अण्णांनी त्याला फोडून काढलं. मग शोध सुरू झाला, कुणी लावली म्हणून. त्याचा एक जिवलग मित्र होता, त्याला घरी यायची बंदी झाली. तो मित्र आज ओझरला नोकरी करतो. त्यानं आयुष्यात सिगारेट ओठाला लावलेली नाही.

धाकट्याला कुणी लावली ते मला माहीत होतं. फुटलेल्या पाकिटानं.

आमच्याकडे गिऱ्हाईक पाकीट घेत नसे. शंभरातले नव्वद सुट्टी मागायचे, एक किंवा दोन. म्हणजे फळीवर कायम चार-पाच पाकिटं फुटलेली. बंद पाकीट मोजता येतं. फुटलेल्यात सकाळी किती होत्या आणि रात्री किती राहिल्या हे कुठलाच टपरीवाला मोजत नाही. दिवसाला दोन कमी आल्या तर कुणाची तरी उधारी लिहायची राहिली असेल म्हणायचं आणि सोडून द्यायचं. त्या दोन धाकट्याच्या असायच्या. तेव्हा छोटी सिगारेट रुपयाला होती. त्याला ती फुकट पडत होती.

यावर अण्णांचं एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते कच्चं नाही. ते म्हणतात, "फुकट तर तुलाही होती. मग तू का नाही ओढलीस?"

मला याचं उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली. मला ती फुकट नव्हती. हिशेब माझ्याकडे होता. मी एक उचलली असती तर रात्री वहीत एक रुपया मला कमी दिसला असता, आणि तो कुठे गेला हे मलाच लिहावं लागलं असतं. एकाच फळीवरची तीच सिगारेट मला रुपयाची होती आणि धाकट्याला फुकट. घर, बाप, गल्ली, शाळा, मित्र, सगळं सारखं. फरक होता तो एका रुपयाचा. हे मी अण्णांना तोंडावर सांगितलंय, दोनदा. ते उठून आत जातात.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

२०१४ च्या जुलैत अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना धुरात, धुळीत बसू नका म्हणून सांगितलं. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो, आजही तिथेच आहे. सकाळची टपरी एक चुलतभाऊ बघायचा, संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी मी. नेमकं त्याच महिन्यात, १० जुलैला, केंद्राचं बजेट आलं. त्यात सिगारेटवरची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, ११ ते ७२ टक्क्यांनी वाढली. ७२ टक्के होती ती सगळ्यात आखूड, ६५ मिलिमीटरच्या आतल्या सिगारेटवर. आपल्याकडे सिगारेटवरचा कर लांबीवर ठरतो, म्हणून त्या मापाच्या आत बसणाऱ्या आखूड सिगारेटी बाजारात आल्या होत्या. कॉलेजची पोरं तीच ओढायची.

बजेटच्या आधी काय होतं ते टपरीवर बसलेल्यालाच ठाऊक. आठवडाभर आधीपासून सेल्समन म्हणतो माल नाही. असतो, पण दाबून ठेवलेला असतो, वाढीव भावानं काढायला. मग बजेटनंतर जुन्या छापील किमतीचं पाकीट नव्या भावानं सुट्टं विकलं जातं. गिऱ्हाईक दोन दिवस शिव्या देतं आणि तिसऱ्या दिवशी गुमान पैसे ठेवतं.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. पाकिटाचा भाव रुपया-दोन रुपयांनी सरकतो, पण सुट्ट्या सिगारेटचा भाव पायऱ्या चढतो. दहाच्या पाकिटावर तीन रुपये वाढले तर एका सिगारेटवर तीस पैसे होतात. तीस पैसे कोण देणार आणि कोण घेणार? टपरीवाला ते आपल्या मार्जिनमधून सोसतो आणि पोराला काहीच कळत नाही. असं दोन-तीन वर्षं चालतं. मग एके दिवशी चाराची पाच होते, एकदम, आणि ते मात्र कळतं. म्हणून सरकार दरवर्षी चिमूटभर वाढवतं तेव्हा त्याचा पोरांवर काडीचा परिणाम होत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. वाढवायचं तर एकदाच, दणक्यात, सुट्टीचा भाव एक-दोन पायऱ्या वर जाईल असं.

२०१४ ला तसं झालं. आमच्याकडे छोटी चाराची पाचला गेली. जुलै म्हणजे अकरावीचे प्रवेश नुकते झालेले, नवी पोरं वर्गातून बाहेर पडून टपरी शोधतायत, असे ते दिवस.

मी आकड्यांचा माणूस, त्यामुळे रोज संध्याकाळी लिहीत गेलो. उधारीच्या वहीत चाळीसेक जुनी नावं होती. रिक्षावाले, बँकेतले दोन कारकून, शेजारच्या बांधकामावरचे मुकादम. यांतला एकही तुटला नाही. दोघं मोठ्या सिगारेटवरून छोटीवर आले, एक बांधकामावरचा विडीवर गेला, बाकीच्यांनी शिव्या देऊन पैसे दिले. अण्णा म्हणतात भाव वाढला की गिऱ्हाईक कमी होत नाही, ते या चाळीस जणांपुरतं शंभर टक्के खरं आहे.

पोरांचं वेगळं दिसलं. ज्यांना सवय लागली होती ती दोघांत एक, तिघांत एक घ्यायला लागली. एकानं पेटवायची, अर्धी झाली की दुसऱ्याच्या हातात. आणि नवी पोरं, जी जुन्यांबरोबर नुसती उभी राहायला येतात आणि चार-आठ दिवसांनी एखादी "बघू तरी" म्हणून घेतात, त्यांच्या हातात सिगारेट जाणं फार कमी झालं. कारण नव्या पोराला सिगारेट कधीच टपरीवाला देत नाही, मित्र देतो. चार रुपयांची असताना तो सहज पुढे करतो. तिघांत एक ओढणारा मित्र चौथ्याला विचारत नाही. संगत-संगत म्हणतात ना, ती संगत पण खिशात पैसे असतील तरच उदार असते.

दिवाळीत मी मालाची बिलं काढून बसलो. जून ते ऑगस्ट २०१३ आणि तेच तीन महिने २०१४ चे. छोट्या सिगारेटचा आमचा माल जवळजवळ एक तृतीयांशानं उतरला होता. मोठीचा किरकोळ. अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षीच्या सिंहस्थासाठी रस्ते खोदून ठेवलेत, गिऱ्हाईक पलीकडच्या टपरीवर जातंय. मग मोठीचं गिऱ्हाईक कसं नाही गेलं पलीकडे, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

एका टपरीवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, मान्य आहे. रस्त्याचा थोडा वाटा असेलही. पण बाहेर जे अभ्यास झालेत ते याच दिशेनं बोट दाखवतात. जागतिक आरोग्य संघटना बरीच वर्षं सांगतेय की भाव दहा टक्के वाढला की श्रीमंत देशांत खप साधारण चार टक्के उतरतो, आपल्यासारख्या देशांत पाचच्या आसपास, आणि तरुणांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त. किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान ७५ टक्के असावा अशी आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपण तिथवर कधी गेलो नाही. मधल्या वर्षांत तर उलटंच झालं. २०१७ ला जीएसटी आल्यानंतर कर फारसा हलला नाही, दोनदा थोडासा वाढला, आणि लोकांचे पगार वाढत राहिले. म्हणजे सिगारेट कागदावर तेवढीच, खिशाला हलकी.

म्हणून फेब्रुवारी २०२६ पासून जे झालं ते मला बरं वाटलं. ४० टक्के जीएसटी आणि वर लांबीप्रमाणे हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये एक्साइज. म्हणजे नुसत्या एक्साइजचे एका सिगारेटमागे दोन ते साडेआठ रुपये. हा पायरी चढवणारा आकडा आहे.

पण त्याच फेरबदलात विडीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आणला, आणि इथे माझा जीव तुटतो, कारण माझी आजी, आईची आई, सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, बोटं सारखी चालू, आणि मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. तिच्या मजुरीवर आईचं आणि दोन मामांचं शिक्षण झालं. विडीवर कर लावू नका, गरीब बायकांच्या पोटावर पाय येईल, असं म्हणतात तेव्हा त्यात माझी आजी येते. पण विडी स्वस्त राहिली म्हणून आजीची हजारी वाढल्याचं घरात कुणाला आठवत नाही. आठवतो तो तंबाखूच्या भुकटीनं लागलेला तिचा खोकला. सिगारेट महाग आणि विडी स्वस्त ठेवली तर सिडकोतलं, अंबडमधलं कामावर जाणारं पोरगं विडीकडे जाणार. माझ्या वहीत तो बांधकामावरचा गेलाच होता. बायकांना दुसरं काम द्या, मदत द्या, पण धूर स्वस्त ठेवून त्यांचं भलं होत नाही.

दुसरं सुट्टीचं. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट आणि विडी विकायला बंदी घातली.  आज संध्याकाळी कॉलेज रोडला एक चक्कर मारा आणि त्या नियमाचं काय झालंय ते बघा. दोरीला लायटर, फळीवर फुटलेलं पाकीट, तसंच. पाकिटाचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्रानं भरलेला असतो, पण सुट्टी घेणाऱ्याच्या हातात ते पाकीट येतच नाही. आणि भावाचं म्हणाल तर आठवड्याला दोनशे रुपये मिळणारं पोरगं पूर्ण पाकीट विकत घ्यायला दहा वेळा विचार करेल. वीस रुपयांच्या एका सुट्ट्या सिगारेटला एकदाही करणार नाही. वाटेल तेवढा कर लावा, सुट्टी चालू आहे तोवर त्यातला निम्मा जोर वाया जातो. अण्णांशी माझा वाद खरा याच्यावर होता. ते म्हणायचे, "आपण नाही दिली सुट्टी तर शेजारचा देईल." देईल ना. त्याच्या घरातल्या पोराला लागेल मग, आपल्या नाही. हे मी त्यांना तेव्हा म्हणायला हवं होतं. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि बापासमोर बोलायची पद्धत नव्हती.

धाकट्याचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा तोही एक भाग आहे. रुपयाची सिगारेट अठरा रुपयांवर गेली तोवर तो रोज पंधरा ओढत होता. इतक्या वर्षांत भाव वाढला म्हणून त्यानं एकही कमी केली नाही. २०२३ ला, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याच्या हृदयात दोन स्टेंट घातले. त्यानंतर सोडली. पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तंबाखू सोडणाऱ्यांसाठी, फुकट आहे. त्यावर तो बोलायचा. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा टिकला. म्हणजे लागलेल्याला भाव सोडवत नाही, त्याला माणूस लागतो. भाव अडवतो तो न लागलेल्याला. तुमचा भाचा या दोघांमध्ये कुठे उभा आहे ते मला इथून दिसत नाही. त्यानं सकाळी उठल्या-उठल्या ओढायला सुरुवात केली असेल तर वाढलेल्या भावावर विसंबू नका, तो नंबर लावा, सोबत बसा. संध्याकाळी मित्रांत एखादी असेल तर भाव तुमच्या बाजूनं आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. सिगारेट परवडेना झाली म्हणून तो पुडीकडे वळत नाही ना, तेही बघा. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे शंभरात चारही नव्हते आणि खाणारे चोवीस होते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरीही. पुडीला धूर नाही, वास लपतो आणि ती सिगारेटपेक्षा स्वस्त पडते.

पॉकेटमनीचं म्हणाल तर सरसकट कमी करू नका, बसच्या पैशातून काढेल. महिन्याचा एकदम देत असाल तर आठवड्याचा द्या. फोनवरून पैसे देत असेल तर वीस-वीस, चाळीस-चाळीसच्या नोंदी एकाच नावावर दिसतात का ते त्याच्याबरोबर बसून बघा, चोरून नको. आणि सगळ्यात आधी त्याची कुठे उधारी आहे का ते शोधा. माझ्या वहीत कॉलेजच्या पोरांची पण नावं असायची, महिन्याअखेर चुकती करणारी. उधारीवर मिळणाऱ्या वस्तूला त्या क्षणी भाव नसतो, ती धाकट्याच्या सिगारेटसारखीच.

उधारी सापडली तर स्वतः जाऊन चुकती करा आणि टपरीवाल्याला सांगा की मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे. भांडू नका. आमच्याकडे बत्तीस वर्षांत एकच बाई अशी आली होती. शाळेतल्या शिक्षिका असाव्यात. मुलाची उधारी विचारली, बावीस रुपये होते, ते काउंटरवर ठेवले आणि अण्णांना म्हणाल्या, "दादा, तो माझा मुलगा आहे, अकरावीत आहे, त्याला देऊ नका." अण्णांनी वहीतलं नाव माझ्या देखत खोडलं. तो पोरगा दोन वर्षं त्या रस्त्यानं जात होता. पलीकडच्या टपरीवर गेला असेल तर मला माहीत नाही, पण अण्णांनी त्याला पुन्हा कधीही दिली नाही.